घरातली दुरुस्ती : कूलरपासून सुरुवात

उन्हाळा तोंडावर आला की या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांत कूलर सगळ्यांच्या पुढे असतो. त्यामुळे या वेळी त्यालाच जास्त जागा दिली आहे. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं जमेल तशी लहान-मोठी आहेत.

प्रश्न : आमच्या पत्र्याच्या कूलरले ओल्या हातानं हात लावला का झिणझिण करते. टेस्टर लावला तं लाइट लागते. घरचे म्हणतात, चप्पल घालून पाणी टाकत जा, काही होत नाही. नवा कूलर घ्या लागन, का घरीच दुरुस्त होते? (दर्यापूर, जि. अमरावती)

उत्तर : दादा, नवा कूलर घ्यायची गरज नाही. पण दुरुस्ती होईपर्यंत हा कूलर आजपासून लावू नका. झिणझिण्या येतात म्हणजे करंट पत्र्यावर आलेला आहे, सध्या तो थोडा आहे इतकंच. फरशी ओली असेल, घामानं हात भिजलेला असेल, तर तोच करंट जीव घेतो. चप्पल हा त्यावरचा उपाय नाही. ओल्या चपलेतून करंट जातो. शिवाय एक हात कूलरला आणि दुसरा खिडकीच्या गजाला किंवा नळाला लागला, तर तो पायाकडे न जाता सरळ छातीतून पलीकडे निघतो.

पत्र्यावर करंट येण्याच्या जागा मोजक्या आहेत : पाण्यातला छोटा पंप, पंपाच्या वायरीला टेप मारून केलेला जोड, पंख्याची मोटर, आणि वायर पत्र्याच्या भोकातून आत शिरते ती जागा. त्या भोकातला रबरी बुश पडून गेला की पत्र्याची धार हळूहळू वायर कापत जाते. तुमचा भाग खारपाणपट्ट्यातला. खारं पाणी करंट जास्त वाहून नेतं, पंपाला लवकर थर धरतं आणि टाकीचा पत्राही खातं. म्हणून सुरुवात पंपापासून करा.

आधी प्लग बोर्डातून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. काही घरांत बटण फेजऐवजी (करंट आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रलवर (करंट परत नेणाऱ्या तारेवर) बसवलेलं निघतं, आणि मग बटण बंद असलं तरी कूलरच्या आत फेज असतोच. काढलेला प्लग डोळ्यांसमोर राहील असा ठेवा, म्हणजे घरातलं दुसरं कुणी नकळत लावणार नाही. टाकीतलं पाणी काढा, पंप बाहेर घ्या आणि त्याच्या दोन्ही वायरी कूलरच्या जोडपट्टीवरून सोडवा.

आता प्लास्टिकच्या बादलीत पाणी घेऊन त्यात पंप पूर्ण बुडवा. वायरीची टोकं बाहेर कोरडी राहू द्या. अर्धा तास थांबा. मल्टीमीटर ओहमच्या सर्वांत मोठ्या पट्टीवर, म्हणजे २ किंवा २० मेगाओहमवर ठेवा. पंपाच्या दोन्ही वायरींची टोकं एकत्र पिळून त्यांना मीटरची एक टोकदार काडी टेकवा, दुसरी काडी बादलीतल्या पाण्यात धरा. काड्यांच्या धातूला बोटं लागू देऊ नका, नाहीतर मीटर तुमच्या अंगाचाच आकडा दाखवेल. मीटरवर डावीकडे नुसता १ किंवा ‘ओएल’ अशी अक्षरं राहिली, तर गळती दिसली नाही. आकडा स्थिर होऊ लागला, तर पाणी वाइंडिंगपर्यंत, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीपर्यंत, पोचलं आहे. पंप कोरडा तपासला तर पुष्कळदा चांगलाच दिसतो, म्हणून हा बुडवण्याचा खटाटोप.

एक लक्षात घ्या. मल्टीमीटर मोजक्या व्होल्टवर तपासतो, त्यामुळे २३० व्होल्टवर होणारी गळती त्याला दिसेलच असं नाही. मोटर भरून (नवी वाइंडिंग करून) देणाऱ्या दुकानात ५०० व्होल्टवर गळती तपासणारा मेगर असतो. पंप आणि पंख्याची मोटर एकदा त्यावर लावून घ्या. आकडा १ मेगाओहमच्या खाली आला, तर ती वस्तू परत कूलरमध्ये बसवायची नाही.

पंपाची वाइंडिंग रेझिनमध्ये बुजवलेली असते. ती घरी दुरुस्त होत नाही, तसा प्रयत्नही करू नका. पंपावर वॅट छापलेले असतात, लहान कूलरला बहुधा १८ आणि मोठ्याला ४०. तेवढ्याच वॅटचा नवा पंप घ्या. त्याची वायर जोडपट्टीपर्यंत अखंड न्या. वायर आखूड पडली, तर जोड पाण्याच्या सर्वांत वरच्या पातळीपेक्षाही वर यायला हवा. पाण्याखालच्या जोडाला कितीही टेप गुंडाळली तरी ती पाणी थांबवत नाही.

पंप चांगला आहे, पण नुसता गुरगुरतो आणि पाणी वर चढवत नाही, अशीही तक्रार असते. तेव्हा पुढची जाळी काढा, पंख्यासह चुंबकाचा रोटर बाहेर ओढा. एक लिटर पाण्यात एक चमचा लिंबूसत्व घालून त्यात तो अर्धा तास ठेवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. पांढरा थर निघाला की पंप पुन्हा पाणी ओढू लागतो.

पंपानंतर पंख्याच्या मोटरच्या सगळ्या वायरी सुट्या करून तसंच मीटर लावा : एक काडी वायरींना, दुसरी मोटरच्या अंगावर. अंगाचा रंग आधी थोडा खरवडा, कारण रंगावरून मीटर काहीच दाखवत नाही. मोटर गळत असेल, तर ती भरायला द्या.

शेवटचं काम सगळ्यांत महत्त्वाचं. पुष्कळ पत्र्याच्या कूलरांना दोन पिनांचा प्लग असतो, म्हणजे पत्र्यावर आलेल्या करंटला जमिनीत जायला वाटच नसते. १ चौरस मिलिमीटरची तीन तारांची वायर घ्या. हिरवी किंवा हिरवी-पिवळी तार कूलरच्या पत्र्याला जोडायची. त्यासाठी आतल्या बाजूला टाकीच्या वर एक भोक निवडा. भोकाभोवतीचा रंग रुपयाच्या नाण्याएवढा खरवडून चकचकीत पत्रा दिसू द्या. तारेच्या टोकाला रिंग-लग (भोकाचं धातूचं टोक) दाबून बसवा, बोल्ट, दातेरी वायसर आणि दोन नट लावून कसा, आणि वरून ग्रीस किंवा रंग फासा. रंगावरच बोल्ट कसला तर अर्थिंग लावल्यासारखं फक्त दिसतं. दुसऱ्या टोकाला तीन पिनांचा प्लग.

आणि कूलर कितीही चांगला असला, तरी पाणी टाकण्याआधी, ताट्या बदलण्याआधी प्लग काढायचाच. ही सवय लहान मुलांसकट सगळ्या घराला लावा.

प्रश्न : तीन पिनांचा प्लग लावला, पण बोर्डाच्या अर्थिंगच्या भोकाला खरंच अर्थिंग आहे की नाही हे कसं कळणार? आमच्याकडे काळी माती आहे. एमसीबी बसवला आहे, तो पुरेसा नाही का? (मेहकर, जि. बुलढाणा)

उत्तर : एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणूस वाचवणं हे त्याचं काम नाही. ६ अँपिअरचा एमसीबी ६ अँपिअरपर्यंत काही बोलत नाही, आणि माणसाच्या जिवाला ३० मिलिअँपिअरच्या पुढे धोका सुरू होतो. दोन्हींत दोनशेपटींचं अंतर आहे. माणसासाठी वेगळं यंत्र लागतं, आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, हे ते सतत बघतं. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की क्षणात लाइन तोडतं. घरासाठी ३० मिलिअँपिअरचाच मागा. १०० किंवा ३०० चा आगीपासून बचावासाठी असतो, शॉकसाठी नाही. त्यावर ‘टेस्ट’चं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबा. दाबूनही पडला नाही, तर बदला. हे बसवण्याचं काम मात्र वायरमनचं आहे.

आरसीसीबी लावल्यावर तो सारखा पडतो, म्हणून काढून टाकणारी घरं आहेत. कृपया काढू नका. तो पडतो म्हणजे कुठेतरी गळती आहे, किंवा कुणीतरी न्यूट्रल कमी येतो म्हणून अर्थिंगलाच न्यूट्रल करून ठेवलं आहे. हे दुसरं फार धोक्याचं आहे. ती अर्थिंगची तार कुठे सुटली, तर घरातल्या प्रत्येक अर्थ केलेल्या वस्तूच्या अंगावर फेज येतो.

आता अर्थिंग तपासणं. मल्टीमीटर एसी ६०० किंवा ७५० व्होल्टच्या पट्टीवर ठेवा. बोर्ड समोरून बघताना वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवं फेजचं, डावं न्यूट्रलचं. फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ हे दोन्ही आकडे जवळपास सारखे आले पाहिजेत. फेज ते अर्थ शून्याजवळ किंवा अर्ध्यावर लटकत असेल, तर अर्थिंग तुटलेलं आहे. सारखे आले, तरी अर्थिंग आहे एवढंच कळतं, ते दमदार आहे का हे कळत नाही, कारण मीटर अगदी कमी करंट ओढतो. दम मोजायला वायरमनकडचा अर्थ टेस्टर लागतो. घराला ५ ओहमच्या आत आकडा असावा.

काळ्या मातीचं म्हणाल, तर ओली असताना अर्थिंगला तिच्यासारखी माती नाही. पण चैत्र-वैशाखात तिला भेगा पडतात, माती पाइपापासून सुटते, आणि नेमकं कूलरच्या दिवसांत अर्थिंग दुबळं होतं. म्हणून पत्र्याची पट्टी हातभर खोल पुरून चालत नाही. ४० मिलिमीटरचा, अडीच मीटर लांब, भोकं पाडलेला जीआय पाइप उभा पुरायचा, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर नरसाळं. उन्हाळाभर आठवड्यातून दोनदा त्यात बादलीभर पाणी ओता.

प्रश्न : छताचा पंखा हळू फिरतो. काडीनं ढकलला की चालू होतो. मोटर भरावी लागेल का? (रिसोड, जि. वाशिम)

उत्तर : बहुतेक नाही. ढकलल्यावर फिरतो म्हणजे कपॅसिटर कमजोर झाला आहे. पंख्याच्या वरच्या वाटीत पांढरा किंवा काळा डबीसारखा असतो तो. त्यावरचा आकडा बघा. पुष्कळ पंख्यांना २.५ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्टचा असतो, काहींना ३.१५ चा. आहे तोच आकडा घ्या. जास्तीचा टाकला तर पंखा थोडा जोरात फिरेल, पण वाइंडिंग तापून जळेल.

मेन बंद करा. नुसतं पंख्याचं बटण नको, कारण पंख्याखाली स्टुलावर उभ्या माणसाला बारीकसा झटकाही खाली पाडायला पुरेसा असतो. कपॅसिटर काढण्याआधी त्याची दोन टोकं लाकडी मुठीच्या पेचकसानं एकमेकांना टेकवा, आत राहिलेला करंट निघून जाईल. वायरी कुठून काढल्या त्याचा मोबाइलवर फोटो घ्या. नवा कपॅसिटर टाकूनही पंखा हाताला जड फिरत असेल, तर बेअरिंग गेली आहे. आणि गावात संध्याकाळी व्होल्टेजच १७०-१८० येत असेल, तर पंख्यात काही दोष नाही. आधी मीटरनं ते बघून घ्या, मगच कपॅसिटर विकत आणा.

प्रश्न : मिक्सर चालू केला की मोटर फिरते, पण भांड्यातलं पातं फिरत नाही. रबराचा वास येतो. दुकानदार म्हणतो मिक्सर ठेवून जा. घरी होण्यासारखं आहे का? (आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : हो ताई, हे घरी सहज होतं. मोटरच्या वर दातेरी रबरी किंवा नायलॉनचा कपलर असतो, त्याचे दात झिजलेत. तो मुद्दामच मऊ केलेला असतो. वाळलेल्या हळकुंडासारखं काही पात्यात अडकलं, तर आधी कपलर तुटावा आणि मोटर वाचावी म्हणून. त्यामुळे टिकाऊ म्हणून कुणी धातूचा कपलर देऊ केला, तर घेऊ नका.

प्लग काढा. मिक्सर आडवा करा. बहुतेक मिक्सरांत मोटरच्या दांड्याच्या खालच्या टोकाला पेचकसाची खाच असते, ती तळाच्या जाळीतून दिसते. तिथे पेचकस धरून दांडा अडवा आणि वरून कपलर पकडीनं फिरवा. इथे बहुतेकांची चूक होते : कपलरचे आटे पुष्कळदा उलटे असतात. नेहमीसारखं डावीकडे फिरवलं तर तो आणखी आवळतो आणि शेवटी तुकडे होतात. घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवून बघा. नवा घेताना जुना सोबत न्या. दातांची संख्या आणि मधला आटा जुळला पाहिजे.

कपलर वरचेवर झिजत असेल, तर खरा दोष भांड्यात असतो. भांड्याखालचा बुश झिजला की पात्याचा दांडा हलतो, तिथून काळसर पाणी गळतं आणि ते थेट मोटरवर पडतं. दांडा बोटांनी हलवून बघा. आडवा हलत असेल, तर बुश बदलून घ्या. मिक्सर एकदम बंद पडला, तर आधी तळाचं लाल बटण दाबा. जास्त लोड आला की ते उडतं. दहा मिनिटं थंड होऊ द्या, मग दाबा. बटण दाबूनही काही नाही आणि आत निळ्या ठिणग्या दिसत होत्या, तर कार्बन ब्रश बघा. ५-६ मिलिमीटरपेक्षा कमी उरला असेल, तर दोन्ही एकदम बदला.

प्रश्न : गॅसची ज्योत पिवळी येते, भांडी काळी होतात. आणि कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला आहे. तालुक्याला जाणं होईपर्यंत भोकात रबर बसवून चालेल का? (मूल, जि. चंद्रपूर)

उत्तर : कुकरचं आधी : अजिबात चालणार नाही. रबर नाही, बोल्ट नाही, एमसील नाही. त्या व्हॉल्व्हमध्ये कमी तापमानाला वितळणारा धातू असतो. शिट्टीची वाट बंद झाली किंवा पाणी आटलं की तो वितळून वाफेला वाट देतो. ती वाट बुजवली की पुढची वाट म्हणजे झाकणच. तोवर वरण पातेल्यात शिजवा. नवा व्हॉल्व्ह त्याच कंपनीचा घ्या. तो का उडाला हेही शोधा. शिट्टी काढून नळी उजेडाकडे धरा; आरपार उजेड दिसला नाही, तर डाळीचं साल अडकलं आहे. ते तारेनं काढा. डाळ आणि पाणी मिळून कुकर अर्ध्याच्या वर भरू नका, डाळीचा फेस नळीत चढतो.

पिवळी ज्योत म्हणजे हवा कमी. बर्नर थंड असताना काढा, गरम साबणाच्या पाण्यात भिजवा, भोकं सुईनं मोकळी करा आणि पूर्ण वाळवूनच बसवा. बर्नरखालच्या नळीत कोळी जाळं करतो, तिथे बाटली घासायचा बारीक ब्रश फिरवा. जेटचं (गॅस जिथून बाहेर येतो त्या तोटीचं) बारीक भोक दाभणानं मोठं करू नका. रेग्युलेटर उघडायचा नाही, तो एजन्सीकडूनच बदलून मिळतो. नारिंगी सुरक्षा नळीवर साल छापलेलं असतं. ५ वर्षं झाली की वरून चांगली दिसली तरी बदला. गळती साबणाच्या फेसानं बघा, काडी पेटवून कधीच नाही. वास आला तर बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. म्हणून दारं उघडा, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा, बाहेर पडा आणि १९०६ वर फोन करा.

प्रश्न : बॅटरीचा फवारणी पंप थांबून थांबून चालतो. नोझल फुंकून साफ केलं तरी तसंच. (दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : नोझल तोंडानं फुंकू नका, दादा. एकदाही नको. २०१७ साली तुमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले. नोझलवरचा थेंबही औषधच आहे. ते मऊ ब्रशनं आणि पाण्यानं साफ करा. तार घातली तर भोक वाकडं होतं आणि फवारा अंगावर येतो.

पंप उघडण्याआधी टाकी तीनदा विसळा, प्रत्येक वेळी स्वच्छ पाणी नोझलमधून बाहेर काढा. हे पाणी वावरातच पिकावर सोडा, विहिरीजवळ किंवा नाल्यात नाही. हातात नायट्राइलचे मोजे घाला, सुती नाहीत. सुती मोजे औषध शोषून ते कातडीला लावून ठेवतात.

थांबून थांबून चालण्याची कारणं या क्रमानं बघा. टाकीतली आणि दांडीच्या मुठीतली जाळी तुंबली असेल. नळीच्या जोडातून हवा ओढली जात असेल. तिथे बुडबुडे दिसतात, रबरी वायसर बदला. तिसरं कारण बॅटरी. रात्रभर चार्ज करून, चार्जर काढून तासाभरानं मीटर लावा. १२ व्होल्टची चांगली लेड-ॲसिड बॅटरी १२.७ च्या आसपास दाखवते. मग पंप चालू करून पुन्हा बघा. चालू करताच १०.५ च्या खाली घसरली, तर बॅटरी संपली. हे सगळं ठीक असेल, तर मोटरच्या डोक्यावरचा प्रेशर स्विच लवकर तोडत असतो. दसऱ्यानंतर पंप कोठ्यात टाकून पुढच्या आषाढात काढला, तर बॅटरी मेलेली निघणारच. महिन्यातून एकदा तिला चार्ज करा.

प्रश्न : वावरातल्या डीपीचा फ्यूज गेला की लाइनमन दोन-दोन दिवस येत नाही. हरभरा वाळतो. गावातली पोरं बांबूनं डीओ (डीपीच्या वरच्या बाजूचा फ्यूज) टाकतात. मला शिकायचं आहे, सुरक्षित पद्धत सांगा. (काटोल, जि. नागपूर)

उत्तर : तुमची अडचण खरी आहे आणि उभं पीक डोळ्यांदेखत वाळणं काय असतं हे आम्हाला कळतं. तरीही याची सुरक्षित पद्धत सांगणार नाही, कारण शेतकऱ्यासाठी ती नाहीच. डीपीच्या वरच्या बाजूला ११,००० व्होल्ट असतात. तेवढ्या दाबाला बांबू, रबरी चप्पल, कोरडा हात यांचं काही वाटत नाही. तारेला टेकायचीही गरज नसते. पुरेसं जवळ गेलं की करंट हवेतून उडी घेतो. सबस्टेशनमधून फोनवर लाइन बंद केल्याचं कुणी सांगितलं, तरी शेजारच्या जनरेटरमधून किंवा दुसऱ्या फीडरवरून ती उलटी येऊ शकते. म्हणूनच लाइनमनलाही परमिट घेऊन, दोन्ही बाजूंना अर्थिंग लावूनच चढायचा नियम आहे.

तुम्ही करू शकता ते असं. स्टार्टर पेटीवरचे तीन दिवे बघा. एक मंद किंवा बंद असेल, तर एक फेज गेला आहे. मोटर चालू करू नका, दोन फेजवर ती नुसती घुमते आणि जळते. पेटीला सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारं यंत्र) नसेल, तर बसवून घ्या. मोटर भरण्याच्या खर्चापुढे तो स्वस्त आहे. मग डीपीचा नंबर आणि ग्राहक क्रमांक सांगून महावितरणच्या १९१२ वर तक्रार करा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. एका डीपीवरच्या चार-पाच शेतकऱ्यांनी वेगवेगळ्या तक्रारी केल्या, की पाठपुरावा करायला आधार राहतो.

प्रश्न : बारावी झाली आहे. घरातल्या वस्तू दुरुस्त करायला शिकायचं आहे. सुरुवात कशी करू? मुलगी आहेस, करंटचं काम नको, असं घरी म्हणतात. (तुमसर, जि. भंडारा)

उत्तर : ताई, करंट मुलगा-मुलगी बघत नाही. नीट शिकलेल्या हाताला धोका कमी, न शिकलेल्याला जास्त. घरच्यांना हे उत्तर वाचून दाखवा.

पहिले पंधरा दिवस मेन लाइनला हात न लावता नुसता प्लग बांधायचा सराव करा. वायरीचं वरचं जाड आवरण काढताना आतल्या तारांवर चिरा पडू देऊ नका. तारेचं टोक स्क्रूभोवती घड्याळाच्या दिशेनं वळवा. उलटं वळवलं तर स्क्रू कसताना तार बाहेर ढकलली जाते. एकही बारीक तंतू बाहेर राहू नये. पट्टीखाली जाड आवरण दाबलं गेलं पाहिजे, आतल्या तारा नाहीत. हिरवी तार बाकी दोघींपेक्षा थोडी सैल ठेवा, म्हणजे वायर ओढली गेली तर ती सगळ्यात शेवटी तुटेल. आणि रंग पाठ करा : उपकरणाच्या वायरीत तपकिरी फेज, निळी न्यूट्रल. पण तीन फेजच्या जुन्या वायरिंगमध्ये निळी तारही फेज असते, म्हणून रंगावर विसंबून हात लावायचा नाही, मोजायचं.

सामान : दोन-तीन मापांचे पेचकस, इन्सुलेशनची पकड, वायर सोलायचा कटर, टेस्टर, टेप, आणि कॅट थ्री ६०० व्होल्ट असं छापलेला मल्टीमीटर. मीटरची लाल काडी १० अँपिअरच्या भोकात राहिली असताना बोर्डात घातली, तर थेट शॉर्ट होतो आणि हात भाजतो. शिकणाऱ्यांचा हा नेहमीचा अपघात आहे. प्रत्येक वेळी मीटर हातात घेतला की आधी भोक बघायचं, मग पट्टी.

पुढची पायरी सिरीज बोर्ड. जाणत्या वायरमनकडून समोर बसून तो बनवून घ्या. १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब, त्याचा होल्डर, एक बटण, एक सॉकेट. फेज बटणातून बल्बमध्ये आणि बल्बमधून सॉकेटमध्ये जातो; न्यूट्रल आणि अर्थ सरळ. एलईडी बल्ब इथे चालत नाही. दुरुस्त केलेली वस्तू आधी या सॉकेटला लावायची. आत शॉर्ट असेल, तर घराचा फ्यूज उडण्याऐवजी नुसता बल्ब पूर्ण पेटतो. पण इस्त्री लावली तरी बल्ब जवळजवळ पूर्णच पेटतो, कारण १००० वॅटच्या इस्त्रीचा रोध ५३ ओहमच्या आसपास आणि बल्बचा ५२९. तिला शॉर्ट समजून चांगली इस्त्री उघडू नका, ओहम मोजा. उलट १८ वॅटचा कूलरचा पंप लावला, तर बल्ब पेटलेला दिसतही नाही. आणि सिरीजवर असलं म्हणून वस्तू हाताळायला सुरक्षित होत नाही. त्या बल्बमधून ४३० मिलिअँपिअरपर्यंत करंट येतो.

पुढे शिकायचं असेल, तर ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत चौकशी करा. बँकांमार्फत चालणाऱ्या या संस्थेत राहून मोफत प्रशिक्षण मिळतं, वायरिंग आणि मोटर-पंप दुरुस्तीचे वर्गही असतात. व्यवसाय करायचा असेल, तर आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन हा दोन वर्षांचा ट्रेड करा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरण आहे त्याच जातीचं बदलायला मोकळीक आहे. नवी वायरिंग टाकणं किंवा वाढवणं हे परवानाधारक ठेकेदाराचं काम आहे. मायक्रोवेव्ह आणि जुना मोठ्या नळीचा टीव्ही मात्र प्लग काढूनही उघडू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये आणि नळीत मारक व्होल्टेज राहिलेलं असतं.

आणि शिकताना घरात एकट्या असू नका. सोबतच्या माणसाला मेन स्विच कुठे आहे हे आधी दाखवून ठेवा, अंधारातही सापडेल असं. कुणी चिकटलं, तर त्याला हात न लावता आधी मेन पाडायचा. मेन लांब असेल, तर कोरड्या फळीवर किंवा खाटेवर उभं राहून कोरड्या लाकडानं वायर बाजूला करायची, मग १०८ ला फोन. श्वास चालत नसेल, तर गाडी येईपर्यंत छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी, मिनिटाला १०० ते १२० या गतीनं, दोन इंच खोल दाबत राहायचं.